धामणीच्या डोळ्यांतला फोटो

धामण विषारी नसते, हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीनदा सांगितलं. आमचे सेक्रेटरी सत्यजीत यांनी तीनदाही ऐकलं नाही. माणूस एमबीए, पण अक्कल गहाण टाकलेली. विचुंबे गावाच्या शेतांत बिल्डिंगी बांधायच्या आणि वर साप कुठून आला म्हणून बोंबलायचं!

धामण कंपाउंडच्या भिंतीत राहायची. ती आल्यापासून माझ्या तळमजल्यावरच्या किचनमधले उंदीर गेले होते.

त्या रविवारी ती पार्किंगमध्ये निघाली. मी सर्पमित्राला फोन केला. वीस मिनिटांत पोचतो म्हणाला. तोवर सत्यजीत सळई घेऊन आला. सोसायटीची झाडलोट करणारी सखूबाई त्याला आडवी उभी राहिली. ती इथल्याच गावची.

"धामण हाय साहेब, काय नाय करत. जाव द्या तिला."

सत्यजीतने तिला ढकललं आणि त्या लोखंडी सळईने धामण मारली. वर तिच्यावर पाय ठेवून फोटो काढून घेतला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मग दगडाने तिचे डोळे ठेचले. का, तर मेल्या सापाच्या डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो उतरतो आणि जोडीदार डूख धरतो म्हणे! माझं टाळकं सणकलं.

सर्पमित्राने तक्रार केली. दुसऱ्या दिवशी वनखात्याचा गार्ड आला. तोवर ग्रुपवरचा फोटो गायब झाला होता.

"आमच्या झाडूवाल्या बाईने मारली," सत्यजीत म्हणाला. "अडाणी आहे हो. काढतोच आहोत तिला कामावरून."

रविवारी बघायला जमलेले अकरा जण तिथेच उभे होते. सगळ्यांनी मोबाईलमध्ये माना घातल्या.

"मी नाय मारली," सखूबाई एवढंच म्हणाली. गार्डने तिचं नाव लिहायला घेतलं.

कुमारने माझा दंड धरला. "कुमुद, गप्प बस. रोज त्याचं तोंड बघायचंय."

नवऱ्याचं खरं होतं. खोटं कशाला सांगू, मीही घाबरले होते. पण सखूबाईच्या तोंडाकडे बघवेना. मी हात सोडवून घेतला आणि मोबाईल गार्डपुढे धरला. ग्रुपवरून पुसलेला फोटो माझ्या गॅलरीत होता. हातात सळई, धामणीवर पाय, आणि सेक्रेटरींची बत्तीशी.

गार्डने सखूबाईचं नाव खोडलं. "साहेब, पूर्ण नाव सांगा."

सत्यजीत माझ्याकडे वळला. "बघून घेईन तुम्हाला. विसरणार नाही मी."

"खुशाल डूख धरा," मी म्हटलं. "त्या बिचाऱ्या धामणीला ते जमत नव्हतं."