चाबकाची दांडी

आमच्या तेजस्विनीने केकचा क्लास लावला आणि घरात व्हीप शिरला. उठता-बसता व्हीप! मलई फेटून फुगवायची, तिला व्हीप करणं म्हणतात म्हणे. मग एकदा पेपरात आलं, पक्षाने आपल्या माणसांना व्हीप बजावला. मी म्हटलं, "आता हे काय? सगळ्यांना मलई वाटली की काय?" पोर हसून हसून लोळली. "अगं आई, व्हीप म्हणजे मुळात चाबूक."

चाबूक म्हटल्याबरोबर आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला.

दाराच्या वर खिळ्याला पूर्वी ह्यांचा चाबूक टांगलेला असायचा. हे म्हणजे देवराम टांगेवाले, पंचवटीत कुणालाही विचारा. आयुष्यभर टांगा हाकला, पण घोडीला चाबूक कधी लावला नाही. गर्दीत वाट हवी असली की चाबकाची दांडी फिरत्या चाकाच्या आऱ्यांना लावायची. टर्रर्र! माणसं बाजूला व्हायची, आणि आमची घोडी सोनकी झपाझप पाय उचलायची. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला तो आवाज आला की मी तवा ठेवायची.

मग रिक्षा वाढल्या. नव्व्याण्णव साली टांगा मोडीत गेला. सोनकीला सातपूरच्या गोरक्षने वरातींसाठी नेली. हेही सातपूरलाच एका कारखान्यात वॉचमन लागले. गोरक्षचं घर वाटेवरच, पण हे लांबचा फेरा घालून कामाला जायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, एवढा जीव तुटतोय तर बघून या ना एकदा!"

"तिनं ओळखलं तर तिला सोडून कसा येऊ?" हे म्हणाले. "आणि नाही ओळखलं तर?"

कपाळ माझं! माझ्यासाठी हा माणूस कधी एवढा झुरला नाही, खरं सांगते.

दोन हजार तीनच्या लग्नसराईत शेजारच्या लताबाईच्या योगेशचं लग्न निघालं. नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला. मी घोडीकडे बघितलं आणि जागीच थबकले. तोंडाशी केस पांढरे झालेले, अंगावर आरशांची झूल, पण कपाळावरचा तो ठिपका मी विसरेन होय? सोनकीच. मागे वळून मी हळूच म्हटलं, "अहो..."

"दिसली मला," हे म्हणाले. आणि तिथून हलेनात, ना पुढे ना मागे.

तेवढ्यात फटाक्यांची माळ लागली. सोनकी बिचकली आणि भर चौकात अडून राहिली. गोरक्षने लगाम ओढून बघितला, मग चाबूक उगारून सपकन मारला. ह्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. "घरनं आपला चाबूक आण," म्हणाले. पळाले बाई मी साडी सावरत. घर मागच्याच गल्लीत होतं.

मी येईपर्यंत हे गोरक्षला हात जोडून उभे होते. "थांब रे बाबा, मारू नको." बँडवाल्यांची दिव्यांची हातगाडी होती. ह्यांनी गाडीवाल्याला ती ढकलायला लावली आणि चाबकाची दांडी चाकाच्या आऱ्यांना लावली. टर्रर्र!

सोनकीचे कान ताठ झाले. नवरदेवासकट निघाली की हो ती! पण मारुतीकडे नाही, थेट जुन्या टांगा स्टँडकडे. योगेश वरून ओरडतोय, "काका, अहो देऊळ मागे राहिलं!" मागे बँड, बँडमागे बाया, एकच हशा. मीही पदर तोंडाला लावून हसत होते.

स्टँडवर आता रिक्षा लागतात. सोनकी बरोबर तिच्या जागेवर येऊन थांबली. मग वळली आणि एकेक पाऊल मागे सरकायला लागली. टांगा जुंपायच्या वेळी ती अशीच दोन दांड्यांच्या मधे मागे सरकायची, कुणी सांगायला लागायचं नाही. आता मागे टांगा नव्हताच. तरी ती सरकली, थांबली आणि जुंपायची वाट बघत उभी राहिली.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. ह्यांनी तिच्या मानेला कपाळ टेकवलं आणि सगळ्यांदेखत रडले. "टांगा नाही गं बाई आता," म्हणाले. "नाही राहिला."

मग स्वतःच लगाम धरून नवरदेवाला मारुतीपर्यंत पोचवलं. परत फिरताना आपला चाबूक गोरक्षच्या हातात दिला. "हिला लावायचा नाही. चाकाला लाव, ऐकते ती." गोरक्ष मान खाली घालून बरं म्हणाला.

तेव्हापासून दारावरचा खिळा रिकामा आहे.

परवा संध्याकाळी तेजस्विनी हातानं फिरवायच्या बीटरने मलई फेटत होती. बीटर पातेल्याच्या कडेला लागला आणि टर्रर्र झालं. आत पडलेले हे ताडकन उठले, दारात गेले आणि गल्लीच्या टोकाकडे बघत उभे राहिले. पोरीने हात थांबवून माझ्याकडे बघितलं. तोवर मी गॅसवर तवा ठेवला होता.

"थांबू नको गं," मी म्हटलं. "वाजू दे थोडं."