दोन बोटांचं माप

बाळकुमच्या खाडीवर आमच्या घरचं जाळं लांबूनही ओळखू यायचं. जाळ्याचा एकेक आस, म्हणजे चार गाठींमधलं भोक, दोन बोटं रुंद. त्यातून बोई माशाची पिल्लं खुशाल निसटून जायची. "खारीचं खारीला ठेवायचं," असं माझे सासरे दामाजी म्हणायचे; खारी म्हणजे खाडी. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मोजायला पट्टी वगैरे काही नाही. आस विणला की डाव्या हाताची दोन बोटं घालून बघायची, झालं.

सत्त्याऐंशी साली आबांचे हात थरथरायला लागले आणि नवीन जाळं माझ्या गळ्यात पडलं. सासू नव्हती, दोन पोरं लहान. सकाळी मासळी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायचं, परत येऊन चूल पेटवायची, आणि उरल्या वेळात ओट्यावर बसून नायलॉनच्या दोऱ्याला गाठी मारायच्या. चार महिने! पाठीचा पार भुगा झाला. आबा शेजारी बसून एकच घोकायचे, "दोन बोटां, पोरी, दोन बोटां." मी म्हणायचे, "हो हो, बघते ना." आणि खरंच बघायचे. एकही आस मोजल्याशिवाय सोडला नाही, देवाशप्पथ.

पहिल्याच दिवशी माझा नवरा धाकू दोन टोपल्या भरून आला. नाचायचाच बाकी होता. "मंजुले, तुझ्या हाताला गुण हाय!" मी टोपलीत हात घालून बघितलं, तर खाली सगळी बोईची पिल्लं. करंगळीएवढी, शेकड्यांनी.

आबांनी जाळं मांडीवर ओढलं आणि बोटं घातली. जाईनात. मग त्यांनी माझा हात धरून माझी बोटं घातली. सहज गेली.

जन्मभर वल्हं मारून जाड झालेली त्यांची बोटं, आणि माझी ही काटकुळी. चार महिने एका ओट्यावर बसून दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही, की माप नेमकं कुणाच्या बोटांचं.

"ऱ्हाऊ दे ना," धाकू म्हणाला. "कंपन्यांचा पानी येऊन खारी मरतेय, नि आपून बोटां मोजत बसायची?"

आबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जालं तू इनलंस, मंजुले. कापायचं का ठेवायचं, तूच सांग."

त्या गाठी सुटत नाहीत. कापलं की पुन्हा चार महिने. मला म्हाताऱ्याचा असा राग आला! हुकूम सोडला असता तर शिव्या घालत का होईना, कापलं असतं मी.

"राहू दे आबा," मी म्हटलं. "पुढचं मोठ्या आसाचं विणीन."

पुढचं विणलंच नाही. टोपल्या वर्षभर भरल्या, मग अर्ध्या येऊ लागल्या. चौथ्या वर्षी धाकूने होडी विकली आणि एका कंपनीत वॉचमन लागला. खाडी कंपन्यांनी मारली, असं सगळं गाव म्हणतं. खोटं नाही ते. पाण्याचा वास घरापर्यंत यायचा. मीही तसंच म्हणते. फक्त आबांसमोर ते कधी तोंडातून निघालं नाही.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मीच विषय काढला. "आबा, जाळ्याचं चुकलं माझं."

"दमलेली तू, पोरी," एवढंच म्हणाले, आणि भिंतीकडे कूस वळवली.

त्यापेक्षा थोबाडीत दिली असती, तर मी सुटले असते.