दहापैकी आठ

पेनाचं टोपण निळं होतं, आणि मेहुण्याच्या दातांमध्ये ते इतका वेळ इकडून तिकडे फिरत होतं की त्याच्या कडेवर पांढुरक्या चिरा उमटल्या होत्या. जणू त्यातून काही रस निघणार होता, आणि तो निघेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही असं तिघांनी ठरवून टाकलं होतं. टेबलाच्या टोकाशी बायको इस्त्री करत होती. कॉलरवरून इस्त्री सरकताना येणारा बारीक फुसकारा, तेवढाच काय तो खोलीतला आवाज. मधोमध तो कागद. कारागिराचा तो केव्हाच वाचून झाला होता, तरी मान खाली घालून तो बसून राहिला, कारण वर पाहिलं असतं तर ओठांच्या कोपऱ्यातलं हसू लपवणं कठीण होतं, आणि लपवावं असंही त्याला फारसं वाटत नव्हतं.

नव्या धंद्याची उद्दिष्टं. पहिल्या वर्षी चारशे कृत्रिम पाय. एका पायाला नऊ तास. माप घेतल्यापासून पाय हाती पडेपर्यंत अकरा दिवस. समाधानी माणसं, शंभरात पंच्याण्णव. प्रत्येक आकड्याभोवती पट्टी लावून चौकट आखलेली. चौकटीत कोंडला की आकडा पळून जात नाही, अशी मेहुण्याची समजूत असावी. तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन उद्योजक होऊन परतलेला हा माणूस. गेल्या वर्षापर्यंत चपलांच्या दुकानात बसत होता आणि गिऱ्हाइकाच्या टाचेकडे पाहून नंबर ओळखतो अशी बढाई मारत होता. आणि ज्याने बावीस वर्षं रुग्णालयाच्या मागच्या शेडमध्ये प्लॅस्टरचे साचे घासले, ज्याच्या बोटांना दुसऱ्याच्या हाडाचं टोक कातडीखाली कुठे जागं आहे ते डोळे मिटूनही कळतं, त्याने — म्हणजे कारागिराने स्वतः — आता या चौकटींमध्ये राहायला जायचं...

"जोड्या?" कारागिराने विचारलं.

"कुठे?" मेहुण्याने टोपण तोंडातून काढलं.

"इथे. 'चारशे पाय, म्हणजे दोनशे जोड्या.'"

मेहुण्याने कागद ओढून घेतला, वाचला, कान लाल झाले. "ते होय. शिबिरात चपलांच्या दुकानाचा नमुना दिला होता भाऊजी, त्याच्यावरच गिरवलं मी. खोडतो."

"नको, राहू दे. डाव्यावर उजवा फुकट, अशी पाटी लावू."

एरवी भावाच्या फजितीवर बायको सगळ्यांच्या आधी हसायची. आज तिने शर्ट उलटा केला आणि बाहीकडे वळली. तेवढ्यानेच त्याचं लक्ष पुन्हा कागदाकडे गेलं. सातव्या ओळीचं अक्षर वेगळं होतं. बारीक, उभं, चौकट नसलेलं. *सहा महिन्यांनंतर पाय वापरात असणारे — दहापैकी आठ.*

"हे तुझं?"

"माझं."

"आणि आठच का? दहा लिहायचे. कागद काय, सोसतो."

"दहा खोटं वाटलं असतं." तिने इस्त्री उभी केली. "आत्ता किती आहेत?"

"कशाचे?"

"तुम्ही आजवर केलेत त्यांतले. किती जण घालतात?"

प्रश्न इतका बाळबोध होता की त्याला तिची कीव आली. म्हणजे, तसं त्याने स्वतःला सांगितलं. "पाय करून देणं माझं काम. घालणं त्यांचं."

"बरं," ती म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात या शब्दाचा अर्थ 'बरं' असा कधीच झालेला नव्हता.

मेहुणा उठला, टोपण पेनाला लावू लागला, ते चावून वाकल्यामुळे बसेना. "संध्याकाळपर्यंत सांगा भाऊजी. जागेचा मालक उद्यावर थांबायचा नाही. तुम्ही नसाल तर मी नाही म्हणून कळवतो. मला पायातलं काय कळतंय."

हे त्याने इतक्या सरळपणे म्हटलं, की कारागिराला ते त्या जोड्यांपेक्षाही जास्त झोंबलं.

शेडकडे जाताना त्याला रस्ताभर आकडेच दिसत होते. पन्नास हजार समाधानी ग्राहक. सात दिवसांत फरक. पंधरा मिनिटांत चष्मा. भिंतींवर, बसच्या पाठीवर, औषधांच्या दुकानाच्या काचेवर... सगळं शहर बोटांवर मोजत बसलेलं, आणि बोटं संपली की दुसऱ्याची बोटं उसनी घेणारं. काय मोजता? एखाद्या माणसाच्या मांडीला सॉकेटची, पाय बसवायच्या त्या वाटीची, कड कुठे बोचते ते मोजता येतं? पहिल्या दिवशी त्याला स्वतःच्या सावलीचे दोन्ही पाय दिसतात तेव्हा तो जो एक श्वास धरतो, त्याला चौकट आखा पाहू. या वाक्यावर तो स्वतःच खूश झाला. संध्याकाळी हेच म्हणावं, असं त्याने ठरवलं, आणि ते वाक्य तोंडात घोळवत तो नाक्यावरच्या बसथांब्यापाशी आला, आणि थांबला.

इथेच ती भेटली होती. ग्रंथालयातली बाई. त्याने आजवर केलेला सर्वांत सुंदर पाय तिचा. रंग तीनदा मिसळला होता, घोट्याचं हाड कानशीने इतकं हळुवार उठवलं होतं की रुग्णालयातले साहेब इतर खात्यांतल्या लोकांना मुद्दाम दाखवायला आणत. आणि मागच्या वर्षी इथे, या बाकाजवळ, ती कुबड्यांवर उभी होती, कपड्यांची एक बाजू दुमडून पिनेने लावलेली. त्याला पाहून तीच ओशाळली. "कामावर जाताना नाही हो घालत," ती म्हणाली. "पण फार सुरेख झालाय. कपाटात अगदी जपून ठेवलाय."

जपून ठेवलाय. घरी जाऊन त्याने हे बायकोला सांगितलं होतं, अभिमानाने, जेवताना. 'आजही तो पाय नव्यासारखा आहे तिच्याकडे.' बायकोने घास हातात धरून त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि मग पाण्याचं भांडं पुढे सरकवलं होतं. त्यावर ती एक अक्षर बोलली नव्हती. आज बोलली... सातव्या ओळीत.

बस आली, गेली. तो पुन्हा चालू लागला, आणि घोळवत असलेलं ते वाक्य मात्र कुठेतरी मागे पडलं.

शेडमध्ये टपालवाला आधीच येऊन बसला होता. निवृत्त, हाडकुळा, डावा पाय गुडघ्याखाली नाही. आज त्याचा पाय ताब्यात द्यायचा दिवस. चालायच्या सरावाच्या समांतर दांड्यांच्या मधून तो चार वेळा गेला आणि आला, ओठ मिटून, सोडवत नाही अशा घट्ट मुठींनी.

"तीस वर्षं दुसऱ्यांच्या दारांपर्यंत चाललो," तो म्हणाला. "आता स्वतःच्या दारापर्यंत पोचलो तरी पुष्कळ."

"कुठे बोचतंय?"

"छे."

छे. कुठे नाही हो. फार छान. बावीस वर्षं याच दांड्यांच्या मधून हीच उत्तरं त्याच्याकडे चालत आली होती, आणि प्रत्येक वेळी ती त्याने शाबासकीसारखी खिशात टाकली होती. मग सही, मग पुढचा साचा. दाराबाहेरचं त्याने कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं नव्हतं? मोजणाऱ्यांना तो हसत आला, कारण हसणारा माणूस मोजला जात नाही. आणि ते बायकोच्या बारीक अक्षरातले आठ... आठ कुठले, तीन असतील, दोन असतील... त्याला एकही चेहरा आठवेना, सगळे पाय मात्र आठवत होते.

टपालवाल्याने सही केली. कारागिराने कागद घेतला, पण बाजूला झाला नाही.

"दिवसातून किती तास घालाल?"

"काय म्हणालात?"

"तास. आकडा सांगा. खरा." स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला, मेहुण्याचा वाटला, आणि त्याची त्याला जेवढी लाज वाटायला हवी होती तेवढी वाटली नाही. "मला बरं वाटावं म्हणून नका सांगू."

टपालवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. अर्धवट पत्ता लिहिलेल्या पाकिटाकडे पाहावं तसं: हे घेऊन कुठे जायचं, आणि जाण्यात अर्थ आहे का. मग त्याने भिंतीला टेकवलेल्या जुन्या कुबड्यांकडे हात नेला, दोन्ही एका काखेत घेतल्या, आणि दुसऱ्या हाताने दांड्या, टेबल, दाराची चौकट असं धरत तो नव्या पायावर बाहेर पडला.

लांबलचक बोळात एक जड आणि एक हलकं असं पाऊल वाजत राहिलं. कारागीर दारात आला नाही. जागच्या जागी, सही केलेला कागद हातात धरून, तो ऐकत होता, आधी कधीच ऐकलं नव्हतं असं. पावलं वळणापाशी थांबली. दम खात असेल. पाय काढत असेल. बराच वेळ काहीच वाजलं नाही, आणि त्या शांततेत त्याला एवढंच कळत होतं की आता कुणी समोर येऊन त्याला काही विचारलं असतं, तर हसणं जमलं नसतं.