बिनखिळ्याचं तोरण

आमच्या दाराला एकही खिळा नव्हता. चौकट, दोन्ही झडपा, वरची कोरीव गणेशपट्टी, सगळं सागवानाचं, आणि सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धर्माजींनी, हे दार माझ्या जन्माच्या वर्षी केलं. जुन्नरात ते सुतारकाम करत. लोकांच्या दारांना ते हवे तेवढे खिळे ठोकत, पण आपल्या दाराजवळ कुणी हातोडी घेऊन उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. "जित्या माणसाला कुनी टोचतं का?" असं ते म्हणत. त्यावर आई म्हणे, "मान्साला टोचून बोललेलं चालतं यांना. दाराला मातर न्हाई."

तरी दसऱ्याला, दिवाळीला आणि पाडव्याला दारावर तोरण असेच. लहानपणी मी उठायच्या आत ते लागलेलं असे. कुणी लावलं म्हणून विचारलं, की आबा म्हणत, "दारानं आपनहून धरलंय." पुढे मला कळलं की ती बांबूची एक कामटी असते. चौकटीच्या रुंदीहून थोडी लांब घ्यायची, धनुष्यासारखी वाकवायची आणि दोन्ही खांबांच्या मध्ये दाटून बसवायची. तोरण त्या कामटीला बांधायचं. कामटी आपल्याच ताणानं उभी राहते आणि लाकडाला ओरखडाही उठत नाही. ती बसवताना मात्र मी कधी पाहिली नाही. दहाव्या वर्षापर्यंत मी उशिरा उठत होते आणि त्यानंतर पुण्याला शिकायला गेले; सणाला आले तरी ती पहाटेच बसलेली असे. तिथेच मुलींच्या शाळेत शिकवू लागले.

सुटीत घरी आले की आबा रंधा मारत आणि मी त्यांना वाचून दाखवी. रंधा जोरात चालू लागला, की समजायचं, गोष्ट पटलेली नाही.

वैशाखात ते तापानं गेले. त्यानंतरचा पहिला सण दसरा.

आमच्यात अशा वर्षी घरच्यांनी तोरण बांधायचं नसतं. भाऊबंदांपैकी कुणीतरी येऊन बांधायचं, मग त्या घराला सण मोकळा होतो. म्हणून धाकटे चुलते चांगदेवकाका आदल्या दिवशी बोरी बुद्रुकहून गाडी जोडून आले. तेही सुतारच, पण नांगर-कुळवाचे. दोघा भावांचा आयुष्यभर याच गोष्टीवरून वाद चाले. "तुजं काम बैलानं बगायचं, माजं मान्सांनी," असं आबा त्यांना चिडवत.

दसऱ्याच्या सकाळी काका झेंडू आणि आंब्याच्या पानांचं भलंमोठं तोरण टोपलीत घेऊन दाराशी आले. त्यांच्या दुसऱ्या हातात हातोडी होती आणि तोंडात दोन खिळे.

"काका, खिळा नको," मी म्हणाले.

त्यांनी खिळे हातावर काढून घेतले. "मग काय डिंकानं चिटकवू?"

"आबा ठोकत नव्हते."

"त्याचं त्याला ठावं. दार हाय प्रयागा, दागिना न्हाई. दोन बारकं खिळं, वर गनेशपट्टीत. दिसायचं बी न्हाईत."

"पट्टी बोटभर जाडीची आहे. तडकली तर?"

"तडकली तर दुसरी करून दीन."

"तुम्ही?"

ते माझ्याकडे बघून हसले. "बापावर गेलीस. बरं, दादा तोरन कशाला बांदायचा? ती त्याची कामटी? आन मग."

मी माळ्याखाली गेले, शिडी लावली आणि दोन पायऱ्या चढून थांबले. माळ्यावर ती नव्हती. कुठे गेली ते मला ठाऊक होतं. वैशाखातल्या त्या दुपारी अंगणातून कुणीतरी हाक दिली होती, "घरात कामट्या हायत का, आडव्या बांदायला?" मी वर चढून हाताला लागली ती सगळी मोळी खाली दिली होती. काय देते आहे ते पाहिलंही नव्हतं.

मी परत दाराशी आले. "ती तिरडीला गेली, काका. मीच दिली."

काकांनी हातोडी उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाले, "बांदली मीच व्हती. दोन तुकडं केलं तिचं. लई चिवट व्हती, तवाच कळाया पायजे व्हतं मला." त्यांनी डोक्याचं पागोटं सारखं केलं. "नवी करू. त्यात काय हाय?"

तेवढ्यात गल्लीतून कमरुद्दीनचाचा आले. ते हातकागद करत. गिरणीच्या कागदानं त्यांचा धंदा निम्म्यावर आणला होता, तरी त्यांच्या अंगणात कागद वाळत असायचाच. त्यांच्या हातात कापून उरलेल्या कागदाची जाड घडी होती.

"म्हटलं, यंदा मागायला कोण येणार," ते म्हणाले. "धर्माजी दर सणाला न्यायचा. कामटीच्या दोन्ही टोकांखाली कागदाची घडी. म्हणजे दाराला वळ नाही उठत."

हे मला माहीत नव्हतं. दाराला माझ्याएवढी वर्षं झाली होती आणि मला हे माहीत नव्हतं.

चाचांच्या परड्यातून कळकाचा ओला बांबू आणला. काकांनी कोयत्यानं तो चिरला, कडा तासल्या, दोन हात आणि वर चार बोटं असं माप घेतलं. काम बघण्यासारखं होतं. मग शिडीवर चढून त्यांनी एक टोक डाव्या खांबाला लावलं, कामटी वाकवली आणि दुसरं टोक उजवीकडे नेलं. तेवढ्यात डावं टोक सुटलं आणि कामटी त्यांच्या कानावर बसली.

"धर्माजीनं मारलं," चाचा म्हणाले.

"जिता असताना बी सोडलं न्हाई त्यानं!"

दुसऱ्या खेपेला कागद पडला. तिसऱ्या खेपेला एका टोकाला मी धरलं, पण मी आधी दाबलं, काकांनी मागून, आणि कामटी फिरून उलटी झाली. टोक चौकटीला घासता घासता राहिलं. काका खाली उतरले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"बास झालं," ते म्हणाले. "मुहूर्त निघून जाईल. ह्या नादात दाराला ओरबाडा पडंल, त्यापरीस खिळा बरा." त्यांनी उंबऱ्यावरची हातोडी उचलली.

मी शिडी धरून उभी राहिले.

चाचांनी खाकरून घसा मोकळा केला. "चांगदेवभाऊ, एक बोलू? मी पहाटे लगदा धुवायला नदीवर जातो. वीस वर्षं सणाच्या दिवशी या दारावरनं गेलोय. इथं कंदील असायचा आणि दोघं असायची. डावीकडं धर्माजी, उजवीकडं भाभी."

आई आत, माजघराच्या खांबाला टेकून बसली होती. सकाळपासून ती दाराकडे आली नव्हती. विधवेनं तोरणाला हात लावायचा नसतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. काकांनाही नव्हती.

"वैनी," काका आत न बघता म्हणाले, "खरं का हे?"

"व्हय," आई म्हणाली. "त्यांच्या एकल्यानं व्हत नव्हतं. सांगायचं न्हाई म्हनायचे. सुताराची अब्रू जाती म्हनायचे."

काका मोठ्यानं हसले आणि एकदम थांबले. हातातल्या हातोडीकडे त्यांनी पाहिलं, मग गणेशपट्टीकडे. त्या पट्टीवर कोरलेली वेल उजव्या टोकाला जरा वाकडी आहे. बोरीचा नांगर अर्धा टाकून हे दार करायला काका महिनाभर इथे येऊन राहिले होते, आणि ती वेल त्यांची होती, असं आई नंतर मला म्हणाली.

त्यांनी हातोडी टोपलीत टाकली.

"वैनी, या."

"भावजी, लोक काय म्हनतील?"

"लोकांना भाऊबंद पायजे. भाऊबंद हितं हाय. तोरन बांदनार मी. तुमी निस्ती कामटी धरा. कामटी काय तोरन न्हाई." मग चाचांकडे वळून, "मियाँ, तुमी काय बगितलं?"

"मी? मी कागद द्यायला आलोय."

आई उठली. पदर डोक्यावरून पुढे ओढून ती उजव्या खांबाशी आली आणि मी आणून ठेवलेल्या उंच पाटावर चढली. कागदाची घडी तिनं टोकाखाली एका हातानं धरली आणि दुसरा तळवा कामटीच्या पोटाला खालून लावला. काका डावीकडे शिडीवर चढून कामटी वाकवू लागले, तशी ती म्हणाली, "दाबू नका. मी 'हं' म्हनलं, की निस्तं सोडा."

"सोडू?"

"सोडायचंच असतं. ती आपली बसती."

ती 'हं' म्हणाली. काकांनी सोडलं. टक्क असा लहानसा आवाज झाला आणि कामटी चौकटीत बसली.

काकांनी तोरण बांधलं. गाठी त्यांनी एकट्यानं मारल्या. आई तेव्हा पाटावरून उतरून भिंतीशी उभी राहिली होती. सगळं झाल्यावर ते चार पावलं मागे सरले आणि म्हणाले, "बोरीत इचारलं तर मी एकल्यानं बांदलं म्हनून सांगीन. सुताराची अब्रू हाय."

चाचा आणि काका ओट्यावर बसले. मी त्यांना गूळपाणी नेऊन दिलं.

मी परत आले तेव्हा आई दाराशीच होती. ती उजव्या खांबावरून, कामटीच्या टोकाखालून, बोट फिरवत होती.

"दाराला लागलं का कुठे?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. तरी बोट तिथेच होतं.