न वाचलेला निरोप

अवधूतने कॅम्प दोनच्या बाजारातून जुना कॉम्प्युटर आणून त्यावर मित्रांसाठी, फोनच्या तारेवरून घरबसल्या निरोप लिहा-वाचायचा बुलेटिन बोर्ड चालू केला, तेव्हा सुहासिनी म्हणाली होती, निरोपच लिहायचेत तर सोसायटीचा फळा आहे की खाली. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि फॅक्टरीतून रिटायर झालेली पाच-सहा टाळकी. प्रत्येक विषयाला एक खोली: गाणी, रेल्वे, बागकाम, गुडघेदुखी. सगळ्यात शेवटी त्याने खास बायकोसाठी एक खोली काढली, 'स्वयंपाकघर'. हॉलमध्ये बसून तो तिथे काहीबाही लिहायचा. ती आपणहून उघडायचीच नाही. मग स्वतःच आत येऊन विचारायचा, वाचलंस का? तेव्हा कुठे ती जाऊन वाचायची.

तो गेला पौषात. मित्रांनी गळ घातली म्हणून तिने मशीन चालू ठेवलं. दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी तिने स्वतःचा पासवर्ड टाकला, तर वरच आलं: 'स्वयंपाकघर, एक नवा निरोप.'

तिने तो उघडला नाही. पण रोज दुपारी ओटा पुसून झाला की ती तिथे जाऊन बसायची. नव्या निरोपांचा फेरा आपोआप सुरू व्हायचा, एकेका खोलीतलं नवं दाखवत पुढे सरकायचा. गाणी, रेल्वे, बागकाम. गुडघे आले की ती बाहेर पडायची, कारण पुढची खोली तिची. एकदा वाचला की निरोप जुना होणार, आणि नवा आता कुठून यायचा?

रविवारी लेक, राजसी, बेलवलीहून आली. आई रोज त्या म्हाताऱ्यांचे गुडघे वाचते हे बघून तिचा जीव कळवळला. आई आंघोळीला गेली तेवढ्यात तिने फेऱ्यातून बाकीच्या खोल्या काढल्या, एकटं स्वयंपाकघर ठेवलं. मग मोठ्या कौतुकाने आईला समोर बसवलं.

सुहासिनीचा हात बटणापर्यंत पोचायच्या आत निरोप पडद्यावर आला होता.

'अगं, चहा टाकतेस का?'

राजसीने पडद्याकडे बघितलं, मग आईकडे.

"तू वाचला नव्हतास?"

"राखून ठेवला होता."

राजसी रडायला लागली, तेव्हा आईनेच तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, हे होतं तसं करता येतं का. राजसीने नाक पुसत सांगितलं की कुठल्या तारखेपासूनचं नवं धरायचं ते आपण ठरवू शकतो. मागची तारीख घातली की त्यानंतरचं सगळं परत नवं.

"पण आई, आता तुला माहितीये ना आत काय आहे ते."

"त्यांना काय माझं उत्तर माहीत नव्हतं? तरी विचारायचेच." सुहासिनी चहाचं आधण ठेवायला उठली. दारात थांबली. "आणि ते गुडघे घाल परत फेऱ्यात. मला थांबायला जागा लागते."