होडी मागितली, मी आलो

मी कराओकेचा डबा बोलतोय. बोलतोय कसला, खरखरतोय. माझा एक स्पीकर खाऱ्या वाऱ्यानं केव्हाच खाल्ला. पोटावर सिनेटर आल्कारेदो यांचा हसरा फोटो चिकटवलाय. त्यांनीच मला इथं पाठवलं.

मनिलाच्या कारखान्यात तयार झालो, तेव्हा वाटलं होतं, एखाद्या वाढदिवसाच्या घरी जाईन. पण निवडणूक जवळ आली आणि मला जहाजात घालून पुलो लिनाव बेटावर धाडलं. बेट एवढंसं, पण त्यावर दोन देशांचा दावा. समोर शेजारच्या देशाचं पांढरं जहाज कायम उभं. इथल्या कोळ्यांनी सिनेटरांकडे इंजिनाची मोठी होडी मागितली होती, आजारी माणसाला पालावानच्या मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात न्यायला. मला उतरवलं तेव्हा मासे वाळत घालणाऱ्या पुरिसिमा आजीनं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हा तरंगतो का?"

अपमान झाला, पण हसूही आलं. पुढे तीच माझ्यावर सर्वांत जास्त गायली. माझी एक खोड आहे. माईकवर कसलाही आवाज आला की मी शंभरपैकी गुण देतो आणि ते मोठ्यानं जाहीर करतो. एकदा आजीच्या कोंबड्याला एकाहत्तर मिळाले, तर त्या आठवड्यात त्याला कुणी कापलं नाही.

पुढच्या निवडणुकीला सिनेटर स्वतःच आले, वेगवान सरकारी बोटीतून, झेंडे आणि कॅमेरे घेऊन. बायकांनी त्यांच्यासाठी पॅन्सितच्या शेवया रांधल्या.

"या बेटाचा एक खडाही देणार नाही!" ते गरजले.

"खडे राहू देत साहेब, होडीचं काय झालं?" आजी म्हणाली.

उत्तर म्हणून त्यांनी माईक घेतला आणि थेट प्रक्षेपणात देशभक्तीचं गाणं म्हटलं. मी तरी काय करणार? चौतीस दिले. लोकांनी रुमाल, टोप्या, जे सापडेल ते तोंडावर धरलं.

तेवढ्यात आजीची सून लिगाया पोट धरून खाली बसली. दिवस भरले नव्हते, पण कळा सुरू झाल्या होत्या. सुईण म्हणाली, हे माझ्या हातचं नाही.

"हिला तुमच्या बोटीतून न्या, साहेब," आजी म्हणाली.

सिनेटरांचे डोळे चमकले. "अहो आजी, बाळ इथंच जन्मू दे! या मातीत! मग कोण म्हणेल बेट आपलं नाही?"

"आणि ती गेली तर?"

"छे छे, असं अभद्र बोलू नये."

मला तो फोटो पोटावरून खरवडून काढावासा वाटला. पण मला हात नाहीत. आजीला होते. तिनं माईक उचलला.

"कॅमेरा चालू आहे ना रे? ऐका सगळे. माझ्या सुनेला दवाखाना हवाय आणि साहेबांना निवडणूक. बोट एकच आहे. साहेब, तुम्हीच सांगा, आधी कोण?"

सगळा देश बघत होता. "अर्थात, अर्थात, आधी आई!" सिनेटर म्हणाले आणि स्ट्रेचरला हात लावल्याचा फोटोही काढून घेतला. घेऊ देत बापडे. बोट निघाली.

प्रक्षेपण पाहून पालावानहून डॉक्टरांची बोटही निघाली होती. दोन्ही बोटी भर समुद्रात भेटल्या आणि तिथंच मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. सिनेटरांनी जाहीर केलं, मुलगी आपल्या पाण्यात जन्मली. शेजारच्या देशानं तत्काळ निषेध नोंदवला, पाणी म्हणे त्यांचं. आठवडाभर दोघं भांडले.

आजी बातम्या ऐकून म्हणाली, "पाण्याचं तुमचं तुम्ही बघा. पोरगी आमची."

आल्कारेदो निवडून आले. आता माझ्याशेजारी एक उंच ध्वजस्तंभ उभा आहे. होडी आलेली नाही. ती पोरगी मला धरून उभी राहायला शिकतेय. परवा तिला ताप चढला, तेव्हा लिगाया तिला छातीशी धरून दिवसभर किनाऱ्यावर बसली होती आणि कुणीही गायलं नाही. मला फार भीती वाटली. ताप आपणहून उतरला.

तेव्हा मोठ्या लोकांनो, बेट कुणाचं ते ठरवायला आणखी शंभर वर्षं घ्या, माझी ना नाही. होडी मात्र आधी पाठवा. पुढचा ताप तेवढा थांबणार नाही.