दंडातला खडा

माझी बायको महानंदा गेली हे मला लातूरला टँकरच्या रांगेत कळलं. दवाखान्यात पाणी नव्हतं. पेशंटच्या माणसांनीच आणायचं असा नियम होता. मी घागर घेऊन उभा होतो आणि माझ्यापुढे दोनच बायका राहिल्या होत्या. मेहुणा गुरुपादप्पा रस्ता ओलांडून आला, माझ्या हातातली घागर घेतली आणि म्हणाला, "दाजी, चला. आता पाणी नको."

तिच्या छातीत गाठ होती. कळली तेव्हा उशीर झाला होता. लातूरच्या डॉक्टरांनी करता येण्यासारखं सगळं केलं. आम्ही तिला उदगीरला आणलं आणि आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिली. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही. लिहायचं आहे ते रुद्राणीबद्दल.

रुद्राणी माझी एकुलती मुलगी. मॅट्रिक झाली आणि शिवणकाम शिकली. माझ्या भांड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिची हाताने फिरवायची मशीन आहे. आईजवळ दवाखान्यात तीच राहिली होती. तिच्या डाव्या दंडाला फडकं बांधलेलं डॉक्टरांना दिसलं. आईचे दिवस होऊ द्या, पण मुलीला परत आणा, असं त्यांनी मला निघतानाच सांगितलं होतं. म्हणून दिवस झाल्यावर आम्ही परत लातूरला गेलो. बरोबर माझी सासू शांतम्मा होती.

फडकं सोडलं तर दंडावर सुपारीएवढी गाठ. वरची कातडी काळी पडून फुटलेली, भोवती लाल. काखेतही एक गाठ आली होती.

"याला काही लावलं होतं का? झाडपाला, लेप?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय बी न्हाई," शांतम्मा लगेच म्हणाली. "आपोआप फुटली."

महानंदाच्या गाठीवर लेप बांधून वेळ घालवला म्हणून डॉक्टर शांतम्माला पूर्वी रागावले होते. मला ते माहीत होतं. पण रुद्राणीच्या दंडाचं मला खरंच काही माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी गाठीत सुई घातली, आतलं थोडं ओढून काचेवर पसरलं आणि तपासायला पाठवलं. उत्तर आलं, कॅन्सरचा दाट संशय. वरची जखम आणि काखेतली गाठ धरून डॉक्टरांनी हिशेब मांडला. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की हात खांद्यापासून काढावा लागेल. पुढच्या आठवड्याची तारीख दिली.

बसमध्ये रुद्राणी म्हणाली, "अप्पा, डावा हाय ना. मशीन तर उजव्या हातानं फिरते."

"आणि कापड कोण धरणार?"

"तुम्ही."

"मी धरलं तर ब्लाउजाची पिशवी होईल," मी म्हणालो. ती हसली. मग खिडकीकडे तोंड करून रडली.

गुरुपादप्पा नांदेडला राहतो. त्याने ऐकलं आणि सरळ म्हणाला, "दाजी, अख्खा हात जाऊन राहिला. आणखी एका डोक्याला विचारल्याशिवाय न्हाई द्यायचा." तिथेच वजिराबाद भागात डॉ. विशाखा नरवाडे यांची लॅब होती. औरंगाबादला शिकून त्या नुकत्याच परत आल्या होत्या. पेशी आणि मांसाचे तुकडे तपासणं हेच त्यांचं काम. मी लातूरच्या डॉक्टरांकडे काचा मागितल्या. मला वाटलं होतं ते चिडतील. ते म्हणाले, "जरूर न्या. मी चुकलो असेन तर मला आनंदच आहे. पण वेळ लावू नका."

नरवाडे बाईंनी आधी काचा पाहिल्या. फार वेळ पाहिल्या. मग सूक्ष्मदर्शक बाजूला सारून रुद्राणीचा दंड हातात घेतला. गाठीची एक कड बोटाने दाबली तर दुसरी कड वर आली. कातडी हलवली तशी गाठही तिच्याबरोबर हलली.

"खड्यासारखी कडक आहे," त्या म्हणाल्या. "किती दिवसांपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून," रुद्राणी म्हणाली. "तेव्हा दुखत नव्हती."

"मग फुटली कधी?"

शांतम्मा मध्ये पडली. "आपोआप फुटली बाई. सांगून ठेवलंय आम्ही लातुरात."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. शांतम्मा बाकावर पाय दुमडून बसली होती. तिच्या टाचेवर काळा डाग होता.

"आजी, टाचेला काय झालं?"

"भेगा पडल्या होत्या. बिब्बा घातला."

"चांगला काळा डाग पडलाय की."

"पडणारच. बिब्बा हाय तो, हळद न्हाई."

"आणि हिच्या दंडावरचा डागही तसाच काळा का आहे?"

शांतम्माने पाय पदराखाली ओढला. रुद्राणी खाली बघून म्हणाली, "अज्जीनं दर सोमवारी बिब्ब्याचा चटका दिला. आईची गाठ वाढली म्हणून माझी तरी जळून जावी म्हणून."

"तू गप बस गं रुद्री!" शांतम्मा ओरडली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "माझी एक गेली बाई. दुसरी जाऊन राहिली असं वाटलं. दुसरं काय करणार होते मी?"

मला राग आला होता. पण बाईंचा चेहरा उजळला होता.

त्यांनी आम्हाला नीट समजावलं. वरची जखम गाठीने केलेली नाही, बिब्ब्याने केली आहे. जखम चिघळली म्हणून काखेत गाठ आली. लातूरच्या डॉक्टरांना हे कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे त्यांना ही दोन्ही कॅन्सरची लक्षणं वाटली. राहिल्या सुईने काढलेल्या पेशी. त्या बारीक, काळ्या, दाटीने बसलेल्या होत्या आणि वाईट दिसत होत्या. पण एक साधी गाठ अशी असते की तिच्या कडेला नेमक्या अशाच पेशी असतात. क्वचित दिसते. सुई कडेला लागली तर भलेभले फसतात.

"म्हणजे कॅन्सर नाही?" मी विचारलं.

"माझा अंदाज आहे. अंदाजावर मी हात वाचवायला सांगणार नाही आणि कापायलाही सांगणार नाही. सगळी गाठ काढून आतून बघावी लागेल."

जवळच्या सर्जनने दंड बधिर करून गाठ काढली. रुद्राणी जागीच होती. काढलेली गाठ पांढुरकी होती, चुन्याच्या खड्यासारखी. बाई म्हणाल्या, हिच्यात खरंच चुना धरलाय, अशीच कापली तर पात्याची धार जाईल. आधी ती आम्लात ठेवून मऊ करायची, मग वाहत्या पाण्याखाली धुवायची, तेव्हा कागदापेक्षा पातळ काप निघतात. आम्लात ठेवायचे दिवस झाले, आणि नळाला पाणी नव्हतं. गोदावरीच्या पात्रात वाळू दिसत होती, शहराला पाणी कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं.

"साठवलेल्या पाण्यात भागवलं तर आम्ल आत राहतं," बाई म्हणाल्या. "मग रंग नीट चढत नाही आणि मला खात्रीने सांगता येत नाही. नळ यायची वाट बघू."

लातूरची तारीख जवळ आली होती. मी म्हणालो, "पाणी मी आणतो. किती लागतं ते सांगा."

गुरुपादप्पाच्या गल्लीत हापसा होता. तो चालू होता, पण दहा हिसडे दिल्यावर तांब्याभर यायचं. मी आणि गुरुपादप्पा हापसायचो आणि सायकलला घागरी बांधून आणायचो. बाईंच्या मदतनिसाने टेबलावर घागर ठेवून सलाइनची नळी खाली सोडली. छोट्या बरणीतल्या गाठीवरून पाणी सारखं वाहत राहिलं. घागर रिकामी होऊ द्यायची नाही, एवढंच काम होतं. ते काम शांतम्माने घेतलं आणि कुणाला करू दिलं नाही.

"बघा जावईबापू," ती म्हणाली, "मला महिन्यात डोक्यावरून आंघोळ न्हाई, आणि या खड्याची शाही आंघोळ चालून राहिली."

"मग बोलू नका, ओता," मी म्हणालो.

ती ओतत राहिली. सबंध दिवस ओतत राहिली.

दोन दिवसांनी बाईंनी आम्हाला आत बोलावलं. मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. गुलाबी पेशी दाटीने बसलेल्या दिसल्या. प्रत्येकीच्या मधोमध गोल रिकामी जागा होती.

"जिवंत पेशीत तिथे काळा ठिपका असतो," बाई म्हणाल्या. "यांचा पुसला गेलाय, नुसती हद्द उरलीय. आमच्या पुस्तकात यांना भूतपेशी म्हणतात."

"भूत!" शांतम्माने गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "शिवा शिवा! तरी मी म्हणत होते—"

"आजी, हे भूत चांगलं. ते दिसलं म्हणजे ही केसाच्या मुळातून वाढलेली साधी गाठ. कडेच्या काळ्या पेशीही इथेच आहेत, सुईला त्याच लागल्या होत्या. कॅन्सर नाही. गाठ पूर्ण निघाली आहे. हात मुलीचाच."

गुरुपादप्पाने लॅबमध्येच मला उचललं. मी वजनदार माणूस आहे, तरी उचललं. रुद्राणीने स्वतः डोळा लावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्याशा भुतांनी माझा हात ठेवला, अप्पा." शांतम्मा बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंनी तिला धरलं आणि म्हणाल्या, "पाया नको. बिब्बा टाचेलाच ठेवा, आणि तोही नकोच."

मी तिथूनच लातूरला फोन केला. सगळं सांगितलं, बिब्ब्याचंही. डॉक्टर इतक्या मोठ्याने "वा!" म्हणाले की बाईंनाही ऐकू आलं. "तारीख खोडली," ते म्हणाले. "ती काच मला बघायचीय. सुईच्या काचांशेजारी ठेवून बघतो, म्हणजे पुन्हा अशी गाठ आली तर मी फसणार नाही." बाईंनी त्यांच्यासाठी एक काच जास्तीची केली आणि सुईच्या काचांबरोबर माझ्याकडे दिली.

आता काखेतली गाठ उतरली आहे. दंडावरची कातडी भरून येते आहे. रुद्राणी दोन्ही हातांनी मशीनवर बसते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. शांतम्मा तिला कापडाच्या घड्या करून देते.

सगळ्या काचा कापसात गुंडाळून मी दुकानात ठेवल्या आहेत. लातूरच्या बसस्टँडपर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. महानंदा गेली त्या दवाखान्यात जाऊन काचा डॉक्टरांच्या हातात द्यायचं अजून राहिलं आहे.